पहिलवानाचे बूट

दार उघडं होतं.

चैताली फाटकाशीच थबकली. जानेवारीतलं जाड धुकं गल्लीत उतरून बसलं होतं. रिक्षा वळून गेली आणि तिचा आवाजसुद्धा त्या धुक्यानं लगेच पिऊन टाकला. समोर घर होतं आणि घराचं दार सताड उघडं होतं. बाहेरचा लोखंडी जाळीचा दरवाजा भिंतीला टेकलेला, आतलं लाकडी दार आत लोटलेलं, आणि त्यातून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंतचा फिकट उजेड रस्त्यावरून दिसत होता. हे आपलंच घर आहे, हे तिला पटेना. या घराच्या पोटात काय आहे, ते रस्त्यावरून आजवर कुणाला दिसलं नव्हतं.

"आई," तिनं हाक मारली.

उत्तर आलं नाही. लांबून नाशिकरोड स्टेशनवरची घोषणा तेवढी आली, तीही अर्धी. पुढच्या गावाचं नाव धुक्यात विरून गेलं.

बॅग पायरीवर ठेवून ती तशीच उभी राहिली. उघड्या दारातून या घरात शिरायची तिला सवयच नव्हती. ती आली की आधी आतून "कोण?" असं यायचं. मग चपला फरफटत येण्याचा आवाज, किल्ल्यांचा जुडगा, कडी, वरची खिटी, खालची खिटी, आणि मग फटीत दादांचा चष्मा. दादा आधी तिच्याकडे बघायचे, मग तिच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघायचे, आणि मग म्हणायचे, "ये, लवकर आत ये." जणू तिच्या पाठोपाठ सबंध मुलूख घरात घुसणार होता.

शकुबाई, तिची आई, घराच्या कडेनं मागून आली. हातात कोथिंबिरीची जुडी, पायांना ओली माती.

"अगं, बाहेर काय उभी? आत जायचं ना. उघडंच हाये."

"तेच तर," चैताली म्हणाली.

आईनं तिच्याकडे बघितलं. ओल्या हातानं तिचा गाल चाचपला आणि बॅग उचलून आत गेली. चैताली मागोमाग शिरली आणि सवयीनं तिचा हात कडीकडे गेला.

"राहू दे," आतून आई म्हणाली. मागे वळून न बघता.

*

आठ दिवसांपूर्वी आईनं फोनवर सांगितलं होतं की, ती जाळी काढून टाकणार आहे. गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान असलेल्या प्रफुल्लला तिनं सांगून ठेवलं होतं. चैतालीनं तेव्हाच ठाण्याहून निघायचं ठरवलं आणि मनाशी पक्कं केलं : एक तर जाळी राहील, नाहीतर आई आपल्याबरोबर ठाण्याला येईल. एकट्या बाईनं या घरात असं उघड्या दारानं राहायचं नाही. यात मधला रस्ता नव्हता.

"प्रफुल्ल आज दुपारून येणारे," आई चहा गाळताना म्हणाली. "तू आलीस ते बरं झालं. दोघी मिळून निरोप देऊ जाळीला."

"मी निरोप द्यायला नाही आले."

"माहितीये मला, कशाला आलीस ते," आई म्हणाली आणि बशीत खारी ठेवली.

*

दादा, म्हणजे सावळीराम गांगुर्डे, रेल्वेत होते, मनमाडला. नाशिकरोडहून रोज जा-ये करत त्यांनी नोकरीत जन्म काढला. घरात नवस, मुहूर्त, शकुन यांना थारा नव्हता. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि दादांचं एकच सांगणं : तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. ते त्यांनी इतर बाबतींत किती पाळलं कुणास ठाऊक. कुलपाच्या बाबतीत मात्र तंतोतंत पाळलं.

घरातून निघताना आधी गॅसचं बटण बघायचं. मग मागची कडी. मग गच्चीच्या जिन्याचं कुलूप. मग जाळीचं कुलूप लावायचं आणि तीनदा ओढून बघायचं. मग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथं थांबायचं, चेहऱ्यावर एक शंका यायची, आणि परत येऊन कुलूप पुन्हा तीनदा ओढायचं. तेवढा वेळ आई पिशव्या सांभाळत कोपऱ्यावर उभी. "लागलंय हो, चला," ती तिथूनच म्हणायची. तिच्या आवाजात चीड नसायची. लोक जसं "बरं आहे" म्हणतात, तसं ती म्हणायची.

आणि ते बूट. देवळाली कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून दादांनी मिलिटरीचे बूट आणले होते. त्यांचे स्वतःचे पाय लहान, जवळजवळ बायकी. ते बूट मात्र असे की त्यांत कोंबडी अंड्यांवर बसली असती. गावाला जायचं असलं की दादा ते दाराबाहेर ठेवायचे. दोन्ही नीट नाहीत, एक जरा तिरका. कुणी आडदांड गडी नुकताच दमून आला, बूट काढले आणि आत जाऊन पसरला, असं वाटलं पाहिजे. "चोराला कळलं पाहिजे, घरात पहिलवान आहे," ते म्हणायचे. चोरांना काय कळत होतं ते चोर जाणोत. गल्लीला मात्र इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली होती : पहिलवानाचे बूट बाहेर दिसले, म्हणजे गांगुर्डे गावाला गेले.

चोरी या घरात एकदाच झाली, चैताली शाळेत असताना. मागच्या ओट्यावर घासून पालथा घातलेला कुकर कुणीतरी उचलून नेला. झाकण स्वयंपाकघरात होतं, ते राहिलं. आईला कित्येक दिवस त्या चोराचीच काळजी. "बिनझाकणाच्या कुकरात शिजवणार काय तो?" ते झाकण अजून घरात होतं, वरणाच्या पातेल्यावर बसायचं. दादांनी मात्र त्यानंतर मागच्या दाराला दुसरी कडी बसवली आणि पुढच्या जाळीच्या दरवाज्यावर, आतल्या कुलपाच्या जागी, पत्रा ठोकून घेतला. बाहेरून जाळीत हात घालून कुणाला कुलपापर्यंत पोचता येऊ नये म्हणून.

पुढे चैताली विमा कंपनीत लागली. घरफोडीचे दावे तपासायचं काम तिच्याकडे आलं, आणि बापलेकीत एक नवी गंमत सुरू झाली. ती त्यांना सांगायची की आपल्यासारख्या गल्लीत, जिथं दिवसभर ओट्यावर बायका असतात, तिथं असले दावे फारसे येतच नाहीत. जातात ते गाडीतलं पेट्रोल, खिडकीतला मोबाइल, रस्त्यावर गळ्यातली पोत.

"दादा, आपल्या घरात चोर शिरण्यापेक्षा तुम्ही गच्चीच्या जिन्यावरून पडण्याचीच भीती जास्त आहे."

"म्हणूनच तर जिन्याला कुलूप लावलंय," दादा म्हणाले होते, आणि मग स्वतःच इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

*

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दिंडोरीला मावशीच्या नातीचा साखरपुडा होता. आई आदल्या दिवशीच गेली. दादा दुसऱ्या दिवशी जेवून निघणार होते. ते निघालेही. पिशवी पायरीवर ठेवली, बूट बाहेर मांडले, एक जरा तिरका. मग काहीतरी आठवून, बहुधा गॅसचं बटण, ते परत आत गेले. पिशवीही आत घेतली. दोन मिनिटांसाठी आत आले तरी जाळीला आतून कुलूप घालायचं, हा त्यांचा नियम. तसं ते घातलं, लाकडी दार लोटून घेतलं, आणि स्वयंपाकघरात ओट्याशी ते पडले.

दुपारभर बूट बाहेर होते. गल्लीतून माणसं गेली-आली. दिंडोरीत आई बसस्टँडवरून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडे बघत होती. फोन उचलत नाहीत, म्हणजे बसमध्ये असतील. बसमध्ये त्यांना ऐकू येत नाही. दिवेलागणीला तिनं शेजारच्या भागुबाईला फोन केला. मग प्रफुल्ल मशीन घेऊन आला. पत्र्यामुळे कुलपाला हात पोचेना, म्हणून बिजागऱ्या कापाव्या लागल्या. त्यालाही वेळ गेला.

डॉक्टर म्हणाले, "लगेच गेले असतील." चैतालीनं पुढे काही विचारलं नाही. 'असतील' हा शब्द तिनं तसाच उचलून ठाण्याला नेला आणि तेव्हापासून तो तिच्याकडे होता. दाव्यांच्या फायली वाचताना, लोकलच्या जिन्यावर, भाजी निवडताना तो मधेच हाताला लागायचा.

*

जेवताना ती आईला समजावू लागली. कॉलनीच्या ग्रुपवर रोज काहीबाही येतंय, ती म्हणाली. कुठं टोळी आली, कुठं म्हातारीला बांधून घातलं.

"ते कुठलं असतं? सुरतेचं, नाहीतर कुठलं जुनंपानं. तूच सांगायचीस ना दादांना? भ्यायचं कशाला म्हणून?"

"तेव्हा दादा होते."

"हां. म्हणजे चोर आता माझ्यावर जास्त जीव लावून येईल?"

चैतालीला हसू आलं आणि त्याचा रागही आला. "आई, चेष्टा नको. मी रोज हेच बघते."

"मग तूच सांग. तुझ्या हापिसात कागद असतील. इथं चोर यायची भीती किती, आणि मी त्या ओट्यापाशी पडायची भीती किती?"

चैतालीनं घास तोंडाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला. उत्तर तिला येत होतं. कुणीही, कुठल्याही कागदावर तेच उत्तर दिलं असतं.

आई हळू आवाजात म्हणाली, "मला कुलपाचा राग नाही गं. त्यांचं कुलूप मला माहितीये. तुला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"लासलगावच्या अलीकडं त्यांचं घर होतं ना, वस्तीत. त्याला दारच नव्हतं. कांद्याची गोणपाटं उसवून, जोडून, त्याचा पडदा. कुणीबी वर करायचं. कुत्रं यायचं, भाकर घेऊन जायचं. गावातलं माणूस यायचं, कामाला चला म्हणून पडदा वर करून उभं राहायचं; आत बाई कशी बसलीये, काय करतेय, कशाची पर्वा नाही. तुझी आजी झोपताना त्या गोणपाटाच्या काठावर दगड ठेवायची. तेवढंच कुलूप."

बाहेर धुकं विरळ होऊन ऊन पडलं होतं, पण ते ऊनही कुठून तरी लांबून गाळून आल्यासारखं.

"रेल्वेत लागल्यावर पहिल्या पगारात त्यांनी काय घेतलं असेल? कुलूप. घर कुठं होतं? मनमाडला एका खोलीत चौघं राहायचे. कुलूप ट्रंकेत. माझं लग्न झालं तेव्हा मी ट्रंक उघडली, तर कपड्यांच्या खाली हे एवढं कुलूप. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, घर बांधू तेव्हा लागेल."

 इतकी वर्षं चैतालीनं बापाला चोरांचे हिशोब सांगितले होते आणि बापानं ते हसून ऐकून घेतले होते. चोर मधे कुठंच नव्हता.

"मग ती जाळी तू कापायला कशी देतेस?" अखेर ती म्हणाली. "ती त्यांचीच आहे ना?"

"त्यांचीच आहे," आई म्हणाली. "म्हणून तर रोज त्यांच्या मागं मी पण आत कोंडून घ्यायचं का?" आणि उठून तिनं पातेल्यावर कुकरचं झाकण घातलं.

*

दादांच्या कॉटवर चैताली आडवी झाली. उघड्या दारातून उन्हाची एक लांब पट्टी फरशीवरून सरकत कॉटच्या पायापर्यंत आली होती. या खोलीत दुपारी ऊन येतं हे तिला माहीतच नव्हतं. डोळा कधी लागला कळलं नाही.

गल्लीत पुन्हा धुकं होतं. एकाही घराला दार नव्हतं. सगळीकडे गोणपाटं लोंबत होती आणि कांद्याचा कोरडा, गोडसर वास येत होता. दादा चालत येत होते. पायात ते बूट. चालताना पाय बुटांतल्या बुटांत मागेपुढे होत होते, आणि प्रत्येक पावलाला विहिरीत दगड टाकल्यासारखा लांबून आवाज येत होता. प्रत्येक घरापाशी ते वाकायचे, गोणपाटावरचा दगड बोटानं हलवून बघायचे, तीनदा, आणि पुढे जायचे. कुठे आतून बाळ रडत होतं, कुठे कुणी खोकत होतं. दादा म्हणायचे, "झोपा, झोपा. आहे मी."

मग ते आपल्या घरापाशी आले. चैताली आत होती. गोणपाटाच्या विणीतून तिला त्यांचा चष्मा दिसत होता. तिला म्हणायचं होतं, या, दगड मी काढलाय, या आत. पण या घरात "कोण?" असं विचारल्याशिवाय दार उघडत नाही आणि तो शब्द काही केल्या तिला आठवेना. दादा बाहेर पायरीवर बसले. शांतपणे बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट शेजारी शेजारी ठेवले, मग एक जरा तिरका केला. आणि अनवाणी, लहान पायांनी, धुक्यात चालू लागले.

टक टक.

तिनं डोळे उघडले. उघड्या दाराच्या चौकटीवर भागुबाई बोटानं टकटक करत उभी होती. शेजारच्या घरात गेली तीस-एक वर्षं राहणारी भागुबाई, चैतालीची भागूमावशी. दादा गेल्यापासून ती या घरात आली नव्हती. दादांसाठीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातसुद्धा मांडवाच्या मागच्या बाजूला बसून, डोळ्यांना पदर लावून, न जेवता गेली होती.

"उघड्या दारावर कुणी थाप मारतं का, मावशी?" चैताली उठून बसली.

"सवय करून घेते," भागुबाई म्हणाली. आत आली नाही.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "भागाक्का, उंबऱ्यावर काय उभी? ये."

"नाय येत. चैते, तू आलीस असं कळलं. मला बोलायचंय. आधी बोलते, मग तू म्हणशील तर येते, नायतर जाते."

तिनं चौकट धरली. तिच्या हातावर पीठ वाळलेलं होतं.

"शकू दिंडोरीला गेली व्हती. मला वाटलं, सावळीराम भाऊ एकलेच जेवणार, भाजी न्यावी वाटीत. मेथी केली व्हती. आले मी. हितपर्यंत आले. आन् बूट दिसले." ती थांबली. "बूट दिसले म्हणून फिरले माघारी. गेले वाटतं, म्हटलं. कुलूप आतून हाय का भायेरून, ते कुठं बघितलं मी. हाक मारली असती एक. एक हाक. जीभ काय झिजली असती का?"

 स्टेशनवरून गाडी सुटल्याची शिट्टी आली.

"आन् ती भाजी," भागुबाई म्हणाली, "ती भाजी मी सांच्याला खाल्ली गं. शकूचा फोन यायच्या आधी. चांगली झाली, म्हटलं."

चैताली कॉटच्या काठावर बसून होती. इतके दिवस सांभाळलेला तो शब्द तिच्या हातात होता, 'असतील', आणि आता तो आणखी एका माणसाच्या हातात तिला दिसत होता. भागूमावशीलाही डॉक्टरांनी तेच सांगितलं असेल. तीही तो घेऊन रोज पोळ्या लाटत असेल.

"मावशी," ती म्हणाली, "बूट बघून मीही परत गेले असते. मला माहीत आहे ना, बूट म्हणजे गावाला."

"साऱ्या गल्लीला माहीत," आई म्हणाली. "चोरालाच तेवढं माहीत नव्हतं."

भागुबाईच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. आधी रडू वाटलं, मग हसू, मग पुन्हा रडू. आईनं तिचा पिठाचा हात धरला आणि तिला उंबऱ्याच्या आत ओढून घेतलं.

*

प्रफुल्ल आला तेव्हा तिघी चहा घेत होत्या. त्यानं मशीन पायरीवर ठेवलं, जाळीवर हात फिरवला.

"काकू, पक्कं ना? आमच्या वडिलांच्या हातची आहे ही. अशी जाळी आता मी पण नाही करून देत."

आई चैतालीकडे बघत होती. चैताली उठली, जाळीपाशी गेली. भिंतीला टेकलेला दरवाजा तिनं ओढून मिटवला. पुन्हा जोडलेल्या बिजागऱ्यांवरचे वेल्डिंगचे नवे डाग अजून निळसर चमकत होते. दादांचा जुडगा तिनं खिळ्यावरून काढून आणला, आतून कुलूप घातलं, आणि कुलपासमोरच्या पत्र्यावर बोट ठेवलं.

"प्रफुल्ल, हा पत्रा कापता येईल? फक्त हा. एक हात आत येईल एवढा."

"पत्रा कापला तर बाहेरून हात कुलपाला पोचेल, ताई."

"पोचला पाहिजे," चैताली म्हणाली. मग आईकडे वळली. "कुलूप राहू दे, आई. मला ते हवंय. पण एक किल्ली भागूमावशीकडे ठेवू."

"माझ्याकडं?" भागुबाईनं कप खाली ठेवला. "सावळीराम भाऊंची किल्ली? बाई गं, वरून बघतील आन्—"

"वर-बिर काही नसतं," आई म्हणाली. "त्यांनीच शिकवलंय."

"आन् मी कधी यायचं किल्ली घेऊन? शकू झोपली असंल, न्हात असंल, मी आपली चोरावानी आत?"

 आई उठली, कॉटखाली वाकली आणि आतून ते बूट ओढून बाहेर काढले. त्यांच्यावर धूळ बसली होती. पदरानं तिनं एक पुसला, मग दुसरा.

"सकाळी उठले की हे मी बाहेर ठेवीन," ती म्हणाली. "बूट दिसले, म्हणजे मी आहे. दिवस वर आला आणि दिसले नाहीत, तर किल्ली घेऊन ये. हाक मारत ये."

"आन् रात्री आत घेशील?"

"रात्री आत. पहिलवान काय रात्रभर थंडीत राहील?"

"म्हणजे इतकी वर्सं उलटंच चाललं व्हतं की," भागुबाई म्हणाली.

"त्यांचं बरोबर होतं," आई म्हणाली. "बूट म्हणजे घरात माणूस आहे, असंच ते म्हणायचे. आपणच उलटं वाचलं."

मशीन सुरू झालं. पत्र्यातून ठिणग्या उडाल्या. दुपारच्या उन्हात त्या जवळजवळ दिसतच नव्हत्या, नुसती हवा हलल्यासारखी वाटत होती. कापलेला तुकडा खाली पडला. प्रफुल्लनं कडा घासून गुळगुळीत केल्या आणि भागुबाईला म्हणाला, "मावशी, हात घालून बघा." तिनं डोळे मिटून हात घातला. बांगड्यांसकट आत गेला.

*

चैताली दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. पुन्हा तसंच धुकं. आई तिच्या आधी उठली होती. तिनं दार उघडलं, जाळी उघडली, बूट बाहेर ठेवले, मागे सरून बघितले, आणि एक जरा तिरका केला. शेजारून, धुक्यातून, दिसत नसलेल्या भागुबाईचा आवाज आला.

"दिसले गं, शकू."

"दिसले ना? मग चहा टाक."

आईनं तिच्या पिशवीत द्राक्षं घातली, दिंडोरीहून मावशीनं पाठवलेली. ठाण्याला येण्याचा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही. चैताली पायऱ्या उतरली. मागे आईनं जाळी मिटली आणि आतून कुलूप घातल्याचा आवाज आला.

गल्लीच्या कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. चैताली तिथवर गेली आणि थांबली. मागे वळून बघितलं. घर धुक्यात अर्धं विरघळलं होतं, पण पायरीवरचे बूट दिसत होते, काळे आणि मोठे. रात्रपाळीहून आलेला कुणी आत्ता, एवढ्यात आत गेला असावा, तसे.

"ताई, निघायचं?" रिक्षावाला म्हणाला.

"एक मिनिट."

ती परत आली. कापलेल्या पत्र्यातून हात आत घातला. कुलूप गार होतं. तिनं ते ओढलं. मग पुन्हा. मग आणखी एकदा.

"लागलंय गं, जा," आतून आई म्हणाली.